फ्रेंच साचेवाला

किस्से साठवायचे म्हणून कोणी साठवत नाही. घरात प्लास्टिकच्या पिशव्या जमतात ना, एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, तसे ते जमत जातात, आणि एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात. लालबागच्या आमच्या वाचनालयातल्या रविवारच्या सिनेमाचं तेच झालंय. परवा ऑफिसातल्या एकाने विचारलं, "तुम्ही लोक दर रविवारी तिकडे नक्की करता काय?" मी एक किस्सा सांगायला घेतला आणि त्या बिचाऱ्याचा चहा दोनदा गार झाला. तुम्ही आपला चहा आधी पिऊन घ्या!

पण सुरुवात सिनेमापासून करून चालणार नाही. ती माझ्या बाबांपासून करावी लागेल.

*

बाबा गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. एका छपराखाली शे-दीडशे साचे दिवसभर खडखडायचे, त्यामुळे बाबांचे कान पस्तिशीतच गेले. ठार बहिरे नव्हते. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर ऐकू यायचं. पण घरच्या माणसाच्या कानाशी रोज उठून कोण ओरडणार? त्यामुळे आमच्या घरात बाबांशी फक्त कामाचं बोललं जायचं. "जेवायला चला." "पाणी गेलं." "मामा वारले." एवढंच.

तरी नाटकाची हौस दांडगी! त्यांची पद्धत अशी की स्टेजकडे फार बघायचंच नाही, शेजारच्याच्या तोंडाकडे बघायचं. शेजारचा हसला की हे हसणार, सेकंदभर उशिरा. एकदा परळला एका नाटकात नायकाची आई मरत होती. सगळं थिएटर डोळे पुसतंय, आणि बाबांच्या शेजारच्या गृहस्थांना नेमकी शिंक येऊन अडकली. त्यांनी तोंड वाकडं केलं, दात विचकले. बाबा खदखदून हसले!

अख्खं थिएटर मागे वळलं. मी चौदा वर्षांचा होतो. घरी येताना मी त्यांच्यापासून दहा पावलं लांब चाललो, ती दहा पावलं मला अजून आठवतात.

त्यांची आणखी एक सवय होती. संध्याकाळचा चहा झाला की खाटेवर बसून ते दोन बोटं कानाच्या पाळीला लावायचे आणि मग तळवा आमच्यापुढे उघडा धरायचे. आम्हाला वाटायचं, कान ठणकतोय. आई लगेच खोबरेल कोमट करून आणायची आणि त्यांच्या कानात घालायची. बाबा काही न बोलता मान तिरकी करायचे. कित्येक वर्षं हे चाललं, मग कधीतरी त्यांनी ती बोटं लावणं सोडून दिलं. आई म्हणाली, "बघ, तेलानेच गुण आला!"

*

आता संदेश कांबळे. माझा शाळेपासूनचा दोस्त, वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला, आता बँकेत मोठ्या खुर्चीवर. त्याची मुलगी फ्रेंच शिकते. तिच्या बाईंनी वर्गाला एक जुना फ्रेंच सिनेमा बघायला सांगितला, कानाला भाषेची सवय व्हावी म्हणून. पोरीने तो पूर्ण बघितला आणि बापापुढे येऊन रडकुंडीला आली.

"पप्पा, यात कोणी बोलतच नाही! दीड तासात तीन वेळा गुड मॉर्निंग. मी शिकू काय?"

संदेशने पेनड्राइव्ह काढून घेतला, म्हणाला बघू तरी, आणि बघायला बसला. दुसऱ्या दिवशी त्याचा मला फोन. "नंदू, काम सोड. ऐक. हा माणूस आपल्याला इतकी वर्षं कोणी सांगितला कसा नाही रे? आपण साला काय करत होतो?"

हा माणूस म्हणजे एक जुना फ्रेंच दिग्दर्शक, विनोदी सिनेमे काढणारा. साऱ्या आयुष्यात त्याने पाच सिनेमे केले, आणि पाचही संदेशच्या मुलीने शोधून दिले. ती त्याचं नाव नाकातून घ्यायची, आम्हाला ते तोंडातूनही जमेना. शेवटी आम्ही त्याला 'पाव्हणे' म्हणायला लागलो. पाव्हणे वारूनही जमाना झाला होता.

*

पहिला सिनेमा मी संदेशच्या घरी बघितला. एक पोस्ट ऑफिस, तिथले सहा कारकून, आणि तपासणीला येणारा साहेब. बस, एवढीच गोष्ट. कॅमेरा लांब उभा, कोणाचा चेहरा मोठा करून दाखवणं नाही, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. मी पोट धरून हसलो. आणि मग, काय झालं कोण जाणे, संपल्यावर पाट्या येत होत्या आणि मला रडू यायला लागलं.

संदेश घाबरला. "काय रे? कॉमेडी होता ना तो?"

मी म्हटलं, "बाबांना हा आख्खा कळला असता. शेजारच्याच्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं."

बाबांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. पाव्हण्यांचे सिनेमे त्याआधीही होतेच की! मी जन्मायच्या आधीपासून होते. बाबा होते, सिनेमे होते, घरात टीव्ही होता. फक्त मला माहीत नव्हतं.

आमच्या वाचनालयाच्या चिटणीस शुभांगीबाई, शाळेत मराठी शिकवतात आणि बोलण्यातही छडी ठेवूनच असतात. त्यांना ही सगळी हकिगत सांगितली तर म्हणाल्या, "पन्नाशी उलटल्यावर प्रेमात पडलाय दोघे. ठीक आहे. आता नुसते उसासे टाकणार आहात की चार लोकांना दाखवणार आहात?"

*

अशा रीतीने रविवारी सकाळी अकराचा खेळ ठरला. मंडळाच्या मांडवाचं उरलेलं पांढरं कापड पडदा म्हणून लावलं, प्रोजेक्टर बँकेतल्या कोणाचा तरी. प्रेक्षक अकरा. शुभांगीबाईंनी जाहीर केलं की सिनेमा परकीय भाषेत असल्यामुळे त्या स्वतः उभं राहून भाषांतर सांगतील. संदेशच्या मुलीकडून सगळं लिहून घेतलं होतं. हातात पट्टी घेऊन बाई पडद्याशेजारी उभ्या राहिल्या.

पहिली चाळीस मिनिटं पडद्यावर कोणी तोंड उघडलं नाही. बाई उभ्याच. मग एक कारकून दुसऱ्याला काहीतरी म्हणाला. बाईंनी पट्टी आपटून खणखणीत आवाजात सांगितलं, "सुप्रभात!"

सगळं वाचनालय हसलं. पुढे पन्नास मिनिटांत बाईंनी आणखी दोनदा सुप्रभात केलं आणि शेवटी खुर्ची ओढून बसल्या. "माझ्या आयुष्यातलं सर्वांत सोपं भाषांतर," म्हणाल्या, "आणि पाय सर्वांत जास्त दुखले!"

त्या दिवशी मागच्या रांगेत दाजी परब बसले होते. बाबांच्याच गिरणीतले, बाबांच्याच साचेखात्यातले, त्यांच्या शेजारच्या साच्यावरचे. वय अठ्ठ्याहत्तर, कान बाबांसारखेच गेलेले, पण ओठ बघून समोरच्याचं बोलणं ओळखतात. सिनेमा बघायला आले नव्हते. चाळीतला त्यांचा पंखा बिघडला होता, म्हणून वाचनालयाच्या पंख्याखाली येऊन बसले होते.

आणि गंमत अशी झाली की दाजी आमच्या आधी हसत होते! बाबा सेकंदभर उशिरा हसायचे, हे सेकंदभर आधी. आम्ही पडद्याच्या मधोमध बघत बसलेलो, तोवर दाजींचं हसून झालेलं असायचं. मग आम्हाला कळायचं की डाव्या कोपऱ्यात शिपायाने साहेबाच्या टोपीवर शिक्का मारलाय.

नंतर मी त्यांच्यासमोर जाऊन ओठ सावकाश हलवत विचारलं, "दाजी, तुम्हाला आधी कसं दिसतं?"

दाजी म्हणाले, "अरे झिला, चार साचे एका येळी बघूचे लागत. मधी कोण बघता? मधी काय्येक होणा नाय. धागो तुटता तो कडेक."

*

पोस्टातल्या त्या साहेबाचे बूट नवे असतात आणि करकरतात. करकर ऐकू आली की सहाही कारकून हात आवरून साळसूद चेहरे करतात. मग साहेब हुशारी करून बूट बदलतो आणि सगळे पकडले जातात. ती करकर दाजींना ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. पण पडद्याच्या कडेला साहेबाची सावली आली मात्र, दाजींनी एकदम मिशीला पीळ दिल्यासारखी दोन बोटं फिरवली, हात मांडीखाली घातले आणि अगदी निष्पाप चेहरा करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले!

"काय झालं दाजी?"

"जॉबर इलो!"

जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. साच्यांच्या आवाजात ओरडून काही कळायचं नाही, म्हणून साचेवाल्यांनी हातांची आपली भाषा केली होती. मिशीला पीळ दिला की जॉबर आला. बघणाऱ्याने हात आवरायचे आणि दुसरीकडे बघायचं, जणू काही घडलंच नाही. पडद्यावरच्या सहा कारकुनांनी त्याच क्षणी हुबेहूब तेच केलं.

सिनेमा संपल्यावर दाजींनी गंभीरपणे निकाल दिला. "ह्यो माणूस साचेखात्यात होतो."

संदेश म्हणाला, "दाजी, तो फ्रान्सचा. डायरेक्टर होता."

"मगे? फ्रान्साक कापडाच्यो मिली नाय? बदली कामगार असतलो. नायतर ह्या तेका म्हायती कसा?"

संदेश बँकेतल्या अख्ख्या बोर्डापुढे हरत नाही, तो इथे प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागला.

*

त्याच सुमाराला कळलं की दाजी कायमचे गावाला निघालेत. चाळ नव्याने बांधायला जाणार होती, खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. मुलगा बदलापूरला चालला होता आणि दाजी म्हणाले, एवढं लांब जायचं तर मग सरळ मालवणलाच जातो. मे महिन्याअखेरची गाडी ठरली. आमच्या हातात रविवार उरले चार आणि पाव्हण्यांचे सिनेमे उरले चार.

मी सगळ्यांना सांगून टाकलं की एकही रविवार चुकता कामा नये. दाजींना पाचही सिनेमे दाखवायचेच. शुभांगीबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांच्या आवाजातली छडी पहिल्यांदा खाली ठेवली. "कोणाला दाखवताय ते मला कळतंय हो," म्हणाल्या. मी नाही म्हटलं नाही. बाबांना एकही दाखवता आला नाही, तर निदान त्यांच्या शेजारच्या साच्याला सगळे दाखवू, असं वेड घेतलं होतं खरं.

*

तिसऱ्या सिनेमाच्या रविवारी मसाल्याने घात केला. मे महिना म्हणजे लालबागेत मिरची कुटायचे दिवस. वाचनालयाच्या खालीच मसाला कुटायचे डंक. त्या सिनेमात एक प्रसंग आहे, हॉस्पिटलमध्ये एक मूल महामुश्किलीने झोपलंय आणि पंधरा माणसं श्वास रोखून चवड्यांवर चाललीत. नेमकं तेव्हाच खाली कोणाची तरी दहा किलो बेडगी डंकात पडली. खिडकीतून मिरचीचा असा काही खाट आला, की पहिल्या रांगेपासून शिंका सुरू! पडद्यावर पंधरा माणसं आवाज होऊ नये म्हणून धडपडतायत आणि इकडे आमची पंधरा माणसं, "आक् छी!"

मला काय आठवावं? परळच्या थिएटरातले ते गृहस्थ. मी शिंकताशिंकता हसायला लागलो, आणि बघतो तर दाजी पडदा सोडून आमच्याच रांगेकडे बघत हसत होते.

"ह्या जास्त बरा आसा," ते म्हणाले.

*

चौथ्या रविवारी दाजींनी आम्हाला हातांची भाषा शिकवली. चिमटीत चिमटी धरून ओढली की धागा तुटला. मूठ वर करून अंगठा तोंडाकडे नेला की चहा. आडवा तळवा मागातल्या धोट्यासारखा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवला की माझा साचा चालू आहे, आत्ता नाही. संदेशने ही शेवटची खूण बायकोवर वापरून बघितली. ती म्हणाली, "साचा बंद कर आणि भाजी आण."

मी सहज म्हणून विचारलं. दोन बोटं कानाच्या पाळीला लावली, तळवा पुढे उघडा धरला. "दाजी, ही पण तुमचीच का? बाबा करायचे. त्यांचा कान दुखायचा."

दाजींनी कपाळाला हात लावला.

"कान खंयचो दुखतलो? माझो साचो बंद आसा. बोल, मी बघतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे बोल. जा काय आसात ता बोल. तुझो बापूस ह्या सगळ्यांक करी. सुट्टीत आमी चार जण बसू, तेव्हा पयलो हात तेचो. भारी बोलको माणूस!"

भारी बोलको! आमच्या घरात पंधरा वर्षं त्या माणसाच्या कानात खोबरेल तेल पडत होतं. त्यांनी तोंडाने का सांगितलं नाही, असं मी विचारलं. दाजी म्हणाले, गिरणीतल्या सवयी घरात सांगायला माणूस लाजतो. आणि 'माझ्याशी बोला' असं मागून घ्यायचं नसतं.

माझा चेहरा काय झाला असेल तो असो. शुभांगीबाई उठून चहा टाकायला गेल्या. मी ओठ हलवत दाजींना एवढंच विचारलं, "आणि समोरच्याने काही उत्तरच नाही दिलं तर?"

"तर काय? राग नाय धरूचो. समजाचा, तेचो साचो चालू आसा."

*

पाचवा सिनेमा झाला. तो पाव्हण्यांचा शेवटचा, त्यात ते स्वतः म्हातारे दिसतात आणि फार हसवत नाहीत. दाजींनी तो पूर्ण बघितला आणि पुन्हा पहिलाच लावायला सांगितला, जॉबरवाला. लावला आम्ही! घरून तीन वेळा जेवणाचा निरोप आला, पण कोणी उठलं नाही.

*

आणि मग परळचा एसटी स्टँड. सकाळची मालवणची गाडी. दाजींना चढवलं, सामान वर ठेवलं आणि आम्ही सगळे खाली उतरून त्यांच्या खिडकीशी उभे राहिलो. गाडी एसी, काच उघडायचीच नाही. इंजिन सुरू झालेलं, शेजारच्या दोन गाड्यांचीही सुरू, बाजूला कोणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलेला. आमची मंडळी काचेपाशी तोंड नेऊन बेंबीच्या देठापासून ओरडत होती.

"दाजी, गोळ्या वेळेवर घ्या!"

"पोचल्यावर फोन करायला सांगा!"

"पेनड्राइव्ह पिशवीत आहे! पिशवीत!"

दाजी आतून सगळ्यांना मान डोलावत होते. कान चांगले असलेल्या माणसालाही त्यातलं अक्षर कळलं नसतं.

मग ते माझ्याकडे वळले. दोन बोटं कानाच्या पाळीला लावली आणि तळवा काचेवर उघडा टेकवला.

माझ्या बाजूला संदेश ओरडत होता, मागे हॉर्न वाजत होता. मी काही ओरडलो नाही. ओठ तेवढे हलवले, सावकाश, एकेक शब्द सुटा. म्हटलं, "बाबा रोज विचारायचे. मी एकदाही बोललो नाही. नाटकाहून येताना दहा पावलं लांब चाललो."

दाजींनी माझे ओठ शेवटच्या शब्दापर्यंत बघितले. मग काचेवरचा तळवा काढला, आडवा केला, आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, सावकाश दोनदा फिरवला.

संदेश ओरडायचा थांबला. त्याला ती खूण येत होती: तुझा साचा चालू होता.

मला आणखी बोलायचं होतं. मी तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात दाजींची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. हातात तिकिटांचं मशीन घेऊन कंडक्टर तरातरा गाडीकडे येत होता. दाजींनी चटकन मिशीला पीळ दिला, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि निष्पाप चेहरा करून समोरच्या सीटच्या पाठीकडे बघायला लागले.

मीही हात मागे घेतले, आणि गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत वेळापत्रकाच्या पाटीकडे बघत उभा राहिलो, जणू काही घडलंच नाही.